मढं श्वास घेतंय

मेघाच्या वडलांना, आबांना, मरायला सांगितलं तेव्हा ते टपरीवर चहा पीत होते. दचकू नका. ही गोष्ट सगळं हर्सूल महिनाभर हसत हसतच सांगत होतं.

झालं असं, की तलावाच्या काठाला टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या होत्या. ‘फौजदार फुटाणे’ नावाची नवी मालिका. खुनाची, पण हसवणारी. आठवड्याला एक भाग, प्रत्येक भागात एक मढं पडायचं आणि पोट सुटलेला तो फौजदार मढ्याशेजारी बसून भजी खात खात खुनी शोधायचा. आता पहिल्याच भागाचं मढं म्हणून ठरवलेला माणूस ऐनवेळी आलाच नाही. मग युनिटमधला ऋतुराज टपरीवर येऊन विचारायला लागला, "कुणी मढं होतं का हो? काही बोलायचं नाही, नुसतं पडून राहायचं."

टपरी रिकामी झाली. कुणाला बायकोची भीती, कुणाला देवाची. जितेपणी मढं व्हायचं म्हणजे अपशकुनच की! आबांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आम्ही बाबासाहेबांची माणसं. शकुन-अपशकुन आमच्या घरातून छप्पन साली गेले. सांगा, कुठं पडू?"

आबा, म्हणजे कडुबा साळवे, असे होते. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात मागं चालणारे, पण असल्या कामाला सगळ्यात पुढं. चितेगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षं लोखंड घासायच्या मशिनीवर उभे राहून त्यांची छाती धुळीनं भरली होती. "काका, श्वास धरा," असं सांगितलं की धरायचे, आणि कॅमेरा चालू झाला की खोकायचे. चार वेळा खोकले. पाचव्यांदा जमलं, म्हणजे जमलंय असं सगळ्यांनी मानून घेतलं, कारण उन्हं उतरली होती. उठल्यावर ऋतुराज म्हणाला, "काका, आमच्यात रीत आहे. मढं झालेल्यानं उठून कॅमेऱ्याकडं बघून हसायचं, म्हणजे दोष जातो." आबा म्हणाले, "मला दोष लागलाच नाय, तर घालवायचा कशाला?" आणि कपडे झटकत घरी आले. घरी येऊन मात्र तासभर हसले, आणि मालिका लागेल त्या दिवशी आमच्याकडंच यायचं म्हणून गल्लीतल्या प्रत्येक दाराला सांगून आले.

पाच आठवड्यांनी आबा खरंच गेले. पहिल्या पाळीला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले आणि श्वास परत वर आलाच नाही. रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शेजारच्या सरूबाईनं ओसरीवर बसून डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "मढं झाले नसते तर..." मेघाची माय भामाबाई जागेवरून न उठता म्हणाली, "धूळ खाऊन गेले ते, सरू. बावीस वर्षं खाल्ली. आता तू तोंड मिट." त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

आणि मेघा? तिनं सगळं केलं. भन्तेजींना निरोप दिला, पुण्यानुमोदनाला मांडव घातला, आल्या-गेल्याला चहा दिला, मावश्यांना रडताना पाणी दिलं. तिला स्वतःला रडू आलं नाही. घराचं मेन स्विच पाडावं तसं आतलं सगळं बंद. बायका कुजबुजल्या, की पोरगी दगड आहे. मेघालाही तसंच वाटत होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं. नवव्या दिवशी ती कामावर गेली. सिडकोतल्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती काउंटरवर बसायची, नावं लिहून घ्यायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. हात चालत होते.

बाराव्या दिवशी ‘फौजदार फुटाणे’ सुरू झाली. आबांनी आमंत्रणं दिलेली, आता ती परत कशी घ्यायची? संध्याकाळी साडेआठला अख्खी गल्ली साळव्यांच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. वर भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्याखाली नवाच हार घातलेले आबा. समोर टीव्हीत तलावाचा काठ, फौजदाराची भजी, आणि गवतात उताणे पडलेले तेच आबा. फौजदार मढ्याला म्हणाला, "जरा सरका हो, बसायला जागा द्या," आणि लोक फसकन हसले. हसून झाल्यावर एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात कॅमेरा जवळ गेला आणि आबांचं पोट वर आलं. खाली गेलं. परत वर आलं. मागून कुणीतरी न राहवून बोललं, "अरे, मढं श्वास घेतंय!" सरूबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मेघानं मायकडं पाहिलं. माय टीव्हीकडं बघत होती, पापणीसुद्धा हलत नव्हती.

हर्सूलात जे एकानं म्हटलं, ते दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्रानं म्हटलं. तुम्हाला माहीतच आहे, लोकांना एवढंसं सापडलं की पुरे. मालिकेच्या पानाखाली प्रतिक्रियांचा नुसता पाऊस. ‘मढ्याला पगार कमी दिला वाटतं, मरायला तयार नाही.’ ‘खुनी सापडला, पण खून झालाच नाही!’ ‘काका, जेवण जरा कमी करा.’ कुणी बहाद्दरानं तेवढाच तुकडा कापला, आबांच्या पोटाभोवती लाल गोल काढला, वर हसण्याचा आवाज चढवला आणि सोडून दिला. मेघा रोज जेवताना ते वाचायची. एकेक ओळ वाचायची, एकेक घास खायची. राग येईल म्हणून वाट बघायची, तोही येत नव्हता.

मंगळवारी लॅबमधली निशा फोन घेऊन आली. निशा नवी, तिला साळवे आडनावापलीकडं काही माहीत नव्हतं. "हे बघ ना, हसून हसून मेले मी," म्हणाली. मेघानं बघितलं. लाल गोल, त्यात वर-खाली होणारं आबांचं पोट, मागं खिदळणारी माणसं. आणि मेघा हसली. खरंच हसली हो, निशाबरोबर, मोठ्यानं. मग बाथरूममध्ये जाऊन तिनं आरशात स्वतःचं तोंड बघितलं आणि तिला त्या तोंडाची शिसारी आली. इतक्या दिवसांत तिला आलेली ती पहिली भावना होती, म्हणून तिनं तीच घट्ट धरली.

तिथूनच तिनं, आबांनी देऊन ठेवलेल्या नंबरावर, ऋतुराजला फोन लावला. "माझ्या वडलांचं ते दृश्य काढून टाका. ते वारलेत. लोक त्यांच्यावर हसायलेत."

ऋतुराजला ते गेल्याचं माहीत नव्हतं. कधी, कसे ते त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला, "ताई, माफ करा. तशीही वरून ओरड चाललीय त्या चुकीवर. मी आजच सांगतो. टीव्हीवर गेलं ते गेलं, पण ॲपवरची कॉपी नीट करून चढवतो. काका एकदम शांत दिसतील."

फोन ठेवताना मेघाला वाटलं, चला, आबांसाठी एक तरी काम झालं. ते करून तिला हलकं वाटेल असंही वाटलं होतं. नाही वाटलं.

गुरुवारी ती घरी आली तर माय चुलीपाशी नव्हती, टीव्हीपुढं बसली होती. टीव्ही बंद. चहा नाही, दिवा नाही.

"काय झालं, माय?"

"आज दुपारी दुसराच भाग लावला गं त्यांनी. त्यात दुसरंच मढं हाय." मायच्या आवाजात एखाद्या दुकानदारानं फसवल्यासारखी तक्रार होती. "आठवडाभर रोज दोन वाजता पुन्हा तोच लागायचा. मी धुणं टाकून बसायची. तुह्या फोनात दिसतं म्हणं कधीबी. लाव ना."

मेघाला काही कळेना. "तू रोज बघायचीस? कशाला?"

भामाबाई लाजली. नवऱ्याविषयी बोलताना ती पन्नाशीतही लाजायची. "अगं, खोकला लागल्यापास्नं मला झोप कुठं होती? ते उताणे झोपायचे, मी पोटावर हात ठेवून पडायची. वर आलं की बरं वाटायचं. खाली गेलं की वाट बघायची. टीव्हीत तसंच दिसतंय बघ, गवतात झोपल्यासारखं. तीनदा वर येतं. तिसऱ्यांदा जरा अडकतं. तिथं त्यांनी खोकला दाबलाय. कुणालाच कळलं नसंल, मला कळलं."

"आपल्याकडं त्यांचे व्हिडिओ आहेत की, माय. मावशीच्या शिवमच्या हळदीतला..."

"त्यात ते नाचायलेत. नाचताना सगळे बघायचे त्यांना. हे माझं हाय."

मेघा भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं फोन उघडला. मनात म्हणत होती, अजून नसेल केलं, सरकारी कामासारखं पडलं असेल कुठंतरी. भाग उघडला. तलाव, भजी, "जरा सरका हो." मायनं पुढं सरकून पडद्यावर बोट टेकवलं, नेमकं पोटावर.

पोट हललं नाही.

गवत हललं नाही. आबांच्या बाहीवर बसलेली माशीही हलली नाही. त्यांनी तिथं नुसता फोटो चिकटवला होता. आबा एकदम शांत दिसत होते, ऋतुराज बोलला होता तसे.

भामाबाई वाट बघत राहिली. फौजदार बोलून गेला, चित्र पुढं सरकलं, तरी बोट तिथंच. "मेघे, हे थांबलं का गं?"

"नेट नाही, माय," मेघा म्हणाली आणि बाहेर ओसरीवर गेली.

ऋतुराजनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. "झालं ताई काम. बघितलं का?"

"आधीचं परत लावा."

"आता? ताई, तुम्हीच तर... आता वरून नाही होणार. तुमच्या शब्दावरच मी भांडून करून घेतलंय ते."

"मग त्यांचं दुसरं काही असेल. उठतानाचं, काहीही."

"उठल्यावर हसा म्हटलं होतं मी काकांना. ते हसले असते तर तेवढं तरी राहिलं असतं. नाही म्हणाले ते. कॅमेरा बंद केला आम्ही."

मेघानं फोन कानावरून काढला. आपण आबांना दुसऱ्यांदा मारलं, हे वाक्य तिच्या मनात स्पष्ट उमटलं, बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं. आत माय अंधारात बसली होती. तिला काय सांगायचं? की तुझं होतं ते मी लोकांच्या लाजेपायी पुसून टाकलं?

आणि मग तिला ते लोक आठवले. ते नालायक, रिकामटेकडे, खिदळणारे लोक. त्यांनी थोडंच काही पुसलंय! तिनं शोधलं. शोधायची गरजच नव्हती, वरच होतं. चार लाख जणांनी बघितलेलं. आबांचं पोट, भोवती लाल गोल. मेघानं आवाज पूर्ण बंद केला, आत येऊन दिवा लावला आणि फोन मायच्या हातात दिला.

पोट वर आलं. मायचं बोट त्याच्याबरोबर किंचित उचललं गेलं. खाली गेलं. वर आलं. तिसऱ्यांदा अडकलं, आणि मायनं स्वतःचाच श्वास धरला, आणि मग सोडला. तुकडा संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होत होता. चौथ्या वेळेला तिनं विचारलं, "हे लाल गोल कुणी काढलं गं?"

"लोकांनी."

"कशाला?"

मेघानं मायकडं पाहिलं. "श्वास दिसावा म्हणून, माय."

भामाबाईनं मान हलवली. तिला ते एकदम पटलं. "बघ. ना ओळख ना पाळख, पण किती ध्यान देऊन बघितलं लोकांनी तुह्या आबाला. जित्तेपणी कुणी इतकं बघितलं नाय त्यांच्या छातीकडं. लई चांगली माणसं हायेत. त्यांना लिही बाई, भामाबाईनं उपकार मानलेत म्हणावं."

"राहू दे ना, माय."

"राहू दे कसं? माणसानं माणसाला म्हणावं. लिही."

मेघानं फोन घेतला. हजारो हसऱ्या तोंडांच्या खाली तिनं लिहिलं: ‘हे कडुबा साळवे, माझे वडील. आता नाहीत. माझ्या आईनं तुमचे उपकार मानलेत.’ आणि पाठवून दिलं. वाचणाऱ्याला तरी कुठं वेळ असतो? अर्ध्या मिनिटात कुणीतरी त्याच्याखाली एक हसरं तोंड टाकलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं.

"काय म्हणले?" मायनं विचारलं. तिला वाचता येत होतं, पण चष्मा जवळ नव्हता. त्या पिवळ्या तोंडाकडं डोळे बारीक करून बघत ती म्हणाली, "रडायलंय का गं ते?"

"व्हय," मेघा म्हणाली, आणि पुढचं तिला बोलताच आलं नाही. इतके दिवस अडकलेलं सगळं एकदम आलं, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. सरूबाई दार उघडून धावत आली. भामाबाईनं तिला हातानंच थांबवलं, फोन मांडीवर ठेवला आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून बसली, पाठ वर यायची आणि खाली जायची वाट बघत.