सहा नंबरचं दूध

दुधाची ट्रॉली पाच नंबरच्या कॉटपाशी थांबली, तिथल्या पोराचा पेला भरला आणि सहा नंबरला चक्क वळसा घालून सातकडे गेली!

मालनबाई ताडकन उठल्या.

"ओ बाई! हिकडं बी लेकरू हाय की एक. दिसंना का तुम्हाला?"

ट्रॉलीवाल्या दगडाबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. "सहाला नाय द्यायचं म्हन्ल्या सिस्टर."

"समद्यांला हाय अन् हिलाच नाय? हिनं काय घोडं मारलंय कुनाचं?"

आता यात मालनबाईंचा तरी काय दोष! बारा वर्षं त्या दौलताबादच्या शाळेत खिचडी शिजवत होत्या. दीडशे पोरं रांगेत बसायची आणि त्या डाव घेऊन एका टोकापासून सुरू व्हायच्या. मधलं एक ताट सुटलं, असं बारा वर्षांत घडलं नव्हतं. यंदा तर दुष्काळ म्हणून सरकारनं उन्हाळ्याच्या सुट्टीतही खिचडी चालू ठेवली होती. पोरगं पहिला घास कसा उचलतं, यावरून त्याच्या घरी काल चूल पेटली होती की नाही, हे त्या ओळखायच्या. अशा बाईच्या डोळ्यांदेखत भरल्या ट्रॉलीनं एका लेकराला टाळून जावं म्हणजे काय?

"घ्या माय," भांडण नको म्हणून दगडाबाईंनी पेला भरला. "पर माझं नाव सांगू नका."

मालनबाईंनी पेला मिरवत आणला. पिशवीतली दोन बिस्किटं त्यात बुडवली आणि बहिणीच्या लेकीला, सात वर्षांच्या सोनियाला, चमच्यानं भरवली. सोनियाचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत पट्ट्यांत होता. तिनं पेला तळापर्यंत संपवला आणि ओठांवरची पांढरी मिशी डाव्या हातानं पुसली.

"मावशी, लई भूक लागली व्हती."

"मला म्हाईत हाय ना!" मालनबाई म्हणाल्या. अकराला ऑपरेशन होतं. एवढासा जीव, पोटात काहीतरी आधार नको का?

सोनियाचं घर शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं. चार वर्षांपूर्वी जिथं ज्वारी डोलायची, तिथं आता प्लॉट पडले होते, घरं उठली होती, रस्त्यांना नावंसुद्धा मिळाली होती. नळ तेवढे आले नव्हते. आठव्या दिवशी टँकर यायचा आणि अख्खी कॉलनी ड्रम घेऊन धावायची. तीन दिवसांपूर्वी शेजारच्या गल्लीतला टँकर आला, तेव्हा नळी आपल्या ड्रममध्ये पडावी म्हणून सोनिया ड्रमावर चढली आणि खाली आली ती थेट कोपरावर. हाड मोडलं. आज त्यात तारा घालायच्या होत्या.

तिची आई आशाबाई तीन रात्री तिच्या उशाशी होती. आज सकाळी सहाला शेजारणीचा फोन आला, आपल्या गल्लीची पाळी आजच! आजची पाळी हुकली की आणखी आठ दिवस घरात थेंब नाही. नवरा साहेबराव कंपनीत, पहिल्या पाळीला. दौलताबादहून नुकत्याच पोचलेल्या मोठ्या बहिणीला आशाबाईंनी जिन्यातच सगळं सांगितलं. बोटं बघत राहा, नख दाबून सोड, गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार पडली तर लगेच सिस्टरला सांग. हात हलवू देऊ नको. सांगता सांगता त्या दोन पायऱ्या उतरल्यासुद्धा. एक गोष्ट तेवढी राहिली. रात्री सिस्टरनं त्यांना बजावलेली. कॉटवर पत्र्याची एक पाटी लटकत होती, तिच्यावर तीन इंग्रजी अक्षरं होती. मालनबाईंना मराठी वाचता यायचं.

साडेदहाला आशाबाई धापा टाकत परतल्या. लुगड्याचा काठ ओला होता. "दोन ड्रम भरले, आक्का!" असं त्या लढाई जिंकल्यासारखं सांगत होत्या, तेवढ्यात भूल देणाऱ्या हिमानी डॉक्टर कागद घेऊन आल्या.

"सकाळपासून हिनं काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"नाय म्याडम," आशाबाई म्हणाल्या. "रातच्यापून पान्याचा थेंब नाय."

डॉक्टरांनी कागदावर खूण केली.

मालनबाई विचारात पडल्या. ऑपरेशन तर हाताचं! मग ह्या पोटाचं कशाला विचारतात? काहीतरी असणार. उगाच कोण विचारतंय? आता सांगावं, तर आजचा नंबर जाणार. हाडाचे डॉक्टर दोनला निघून जातात, असं सातवाल्या कॉटची बाई म्हणत होती. तीन रात्री जागलेली आशा काय म्हणेल? आणि न सांगावं, तर... तर काय होतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी सोनियाकडं पाहिलं. पोरीनं सगळं ऐकलं होतं. ती मावशीकडं बघत होती आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. मावशीला कुणी बोलू नये म्हणून.

स्ट्रेचर निघालं. चाकांचा खडखडाट, मागं आशाबाई, त्यांच्या मागं मालनबाई. थिएटरचं दार उघडलं आणि मालनबाईंनी स्ट्रेचरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"थांबा! म्या दूध पाजलंय हिला. आठ वाजता. बिस्किटं बी दिली, दोन."

सगळे जागच्या जागी थांबले.

"आक्का!" आशाबाईंचा आवाज चिरकला.

"अहो, सांगितलं होतं ना रात्री?" सिस्टर कडाडल्या. "एवढी पाटी लावलीय कॉटवर! तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं?"

हिमानी डॉक्टरांनी सिस्टरना हातानं थांबवलं. "मावशी, नीट सांगा. किती दूध?"

"पेलाभर. सगळं पिली."

"पोटात दूध असताना भूल दिली ना, तर उलटी होते. मूल झोपेत असतं, त्याला खोकता येत नाही. ती उलटी फुफ्फुसात जाते." डॉक्टरांनी सोनियाच्या छातीवर बोट ठेवलं. "जीव जाऊ शकतो, मावशी."

मालनबाईंनी दांडा सोडला नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पर म्याडम, हे आत्ता जसं सांगितलं तसं सकाळी कुनी सांगितलं असतं, तर म्या सोताच्या हातानं दूध वतून टाकलं असतं. त्या पाटीवर काय लिव्हलंय ते आमाला वाचता येत नाय. आमच्या अक्षरात लिवा की! अन् आता हिचं कवा करनार, ते सांगा. ते इचारायचा तर हक हाय ना आमाला?"

सिस्टर काहीतरी बोलणार होत्या. डॉक्टर म्हणाल्या, "आहे. दोननंतर भूल देता येईल. हाडाचे सर दुसऱ्या दवाखान्यातून चारला परत येतात का, विचारते. तोवर बोटांवर लक्ष ठेवा."

सोनिया परत सहा नंबरवर आली. सिस्टरनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर रागारागानं, पण ठळक लिहिलं: 'पाणीसुद्धा देऊ नये'. आशाबाई कॉटच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. मग एकच वाक्य बोलल्या.

"बारा वर्सं लेकरं सांभाळतीस ना गं तू?"

मालनबाईंनी सोनियाची बोटं हातात घेतली.

मला इंग्रजी पाटी वाचता येत नाही, पण बोटं तर बघता येतात, असं म्हणून त्या बोटांना चिकटल्या. नख दाबायचं, सोडायचं, गुलाबी. पुन्हा दाबायचं. बारा वाजले, एक वाजला, दोन. पंखा गरम हवा ढवळत होता. सोनिया रडून रडून झोपली.

तीनला करंगळीचं नख दाबलं, सोडलं... आणि ते पांढरंच राहिलं. मालनबाईंनी मनात चार मोजले, तेव्हा कुठं रंग आला. बोट हाताला गार लागलं.

"सिस्टर, बोट गार पडलं."

"तीन वेळा बघून गेले मी. सूज आहे ती. बसा जागेवर."

सकाळची मालनबाई असती तर भांडली असती. आताची मालनबाई भांडली नाही. त्या सिस्टरच्या टेबलापुढं नुसत्या उभ्या राहिल्या.

"सकाळी म्या चुकले, म्हनून आता माझं ऐकायचं नाय, असं करू नका. एकडाव हात लावून बघा. तवर म्या हलनार नाय."

सिस्टर उठल्या. करंगळीला हात लावला आणि फोनकडं धावल्या. पाच मिनिटांत हिमानी डॉक्टर आल्या, पट्ट्या सैल केल्या, हाडाच्या सरांना चारच्या आधीच बोलावून घेतलं. साडेतीनला स्ट्रेचर पुन्हा निघालं. या वेळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आशाबाईंनी आधी बहिणीकडं पाहिलं.

"दुधानंतर काय बी नाय," मालनबाई म्हणाल्या.

दार बंद झालं. दोघी बहिणी एकाच बाकावर बसल्या, मधे दोन माणसांची जागा सोडून.

साडेपाचला सोनिया बाहेर आली. बोटं गुलाबी होती, पाचही. आशाबाई तोंडात पदर कोंबून रडल्या. मालनबाईंना रडू आलं नाही. त्यांनी पाचही नखं एकेक करून दाबून पाहिली.

सातच्या सुमारास सोनियानं डोळे उघडले. "मम्मी, पानी."

सिस्टर दाराशी फोनवर होत्या. त्यांनी तिथूनच मानेनं काहीतरी खूण केली. आशाबाईंना ती होकाराची वाटली. त्यांनी वाटीत पाणी ओतलं, पण तीन रात्रींच्या जागरणानं निम्मं चादरीवरच सांडलं. त्यांनी वाटी-चमचा मुकाट्यानं बहिणीपुढं धरला.

मालनबाईंनी चमचा भरला. सोनियानं तोंड उघडलं, पाखराच्या पिल्लासारखं. चमचा ओठांपासून बोटभर अंतरावर पोचला आणि तिथंच थांबला.

"सिस्टर," मालनबाईंनी हाक मारली, "देऊ ना?"

सिस्टरचं फोनवरचं बोलणं संपत नव्हतं. सोनिया तोंड उघडून वाट बघत होती. आशाबाई त्या चमच्याकडं बघत होत्या. मालनबाईंनी चमचा तसाच, एक थेंबही न सांडता, हवेत धरून ठेवला.