राखीव पाकीट

कवळी हे त्याचं नाव नव्हे, धंदा. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारा हा बावन्न वर्षांचा गृहस्थ. क्लबात सगळे त्याला कवळी म्हणत आणि तो रागावत नसे, कारण रागावणं त्याला कधी जमलंच नव्हतं. डाव चांगला पडला की त्याचे कान लाल व्हायचे, वाईट पडला की तो खाली बघायचा. समोरच्याला त्याचा चेहरा वाचायला चष्मासुद्धा लागत नसे.

क्लब म्हणजे टायरच्या दुकानावरची लांबट खोली. रविवारी दुपारी तिथे आठ-दहा प्रौढ माणसं जमत आणि बोटाच्या पेराएवढे शिपाई मांडून दुसरं महायुद्ध नव्याने लढत. हिरवं कापड म्हणजे शेत, भांडी घासायच्या काथ्याची कुंपणं, फुटपट्टीने मोजून चाल आणि फाशांवर मरण. बायका याला पोरखेळ म्हणत. पोरांना मात्र तिथली एकही वस्तू हाताळायची मुभा नव्हती.

कवळीचे जोडीदार म्हणजे त्याचे थोरले साडू, बायकोच्या ताईचे यजमान. शाळेत भूगोल शिकवत. दोघं अकरा वर्षं ब्रिटिश सैन्य घेऊन खेळत होते आणि अकरा वर्षं वार्षिक सामन्यात बेकरीवाल्या दोघा भावांच्या जर्मन रणगाड्यांकडून सपाटून मार खात होते. कवळीला एकदा जिंकायचं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला साडूंबरोबर जिंकायचं होतं. सख्खा भाऊ नसलेल्या माणसाला उशिरा का होईना एक भाऊ मिळाला होता, आणि त्याच्या जिवावर तो उड्या मारत होता.

सामन्याआधी महिनाभर सैन्य निवडायचं काम चाले. जोडीला मिळून दीड हजार गुण. प्रत्येक शिपायाचे, तोफेचे, रणगाड्याचे गुण ठरलेले, आणि त्यात बसेल तेवढंच घ्यायचं. साडूंच्या स्वयंपाकघरात कागद पसरून दोघं बसले. पायदळ कवळीचं, रणगाडे साडूंचे.

"क्रॉमवेल रणगाडा स्वस्त, आणि पळतो झकास," साडू म्हणाले. "पण तो पळून तुला काय उपयोग? तुझी माणसं पायी. आपण चर्चिल घेऊ. चालायला मंद, पण कातडी जाड. तुझ्या माणसांच्या पावलाने चालेल आणि गोळे अंगावर झेलेल."

"तुमच्या हेडमास्तरांसारखा," कवळी म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

पण चार चर्चिल म्हणजे गुण पुरेनात. कवळीने आपली यादी पुढे ओढली. तीन तुकड्या, त्यांच्या ब्रेनगन मशिनगनी, धूर सोडायला एक छोटी उखळी, आणि दोन सहा-पौंडी तोफा. शत्रूचा रणगाडा फोडेल असं त्याच्याजवळ त्या दोन तोफांशिवाय काही नव्हतं. त्याने दोन्हींवर काट मारली.

"तुम्ही पाठीशी असल्यावर मला तोफा कशाला? हे गुण तुम्ही घ्या."

साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिसऱ्या पाळीला तुझ्यामागून रस्त्याने येतो. तू बिनघोर पुढे हो."

क्लबाचा नियम असा की जोडीतल्या प्रत्येकाने आपली यादी एकट्याने लिहून पाकिटात घालायची आणि पाकीट चिकटवून पंचांकडे द्यायचं. जोडीदारानेही ते बघायचं नाही. पूर्वी एकदा यादी फुटली होती, तेव्हापासूनची ही प्रथा; उद्या नवरा-बायको खेळायला आले तरी पाकिटं वेगळीच. आणि टेबलाबाहेर थांबलेल्या राखीव सैन्याचं पाकीट ते सैन्य येईल तेव्हाच उघडायचं.

चारही चर्चिल कवळीने स्वतः रंगवले. रोज संध्याकाळी कवळ्यांचं काम आवरलं की त्याच भिंगाखाली, त्याच बारीक हत्यारांनी. पट्ट्यांत चिखल भरला, मागे दोऱ्या, ताडपत्र्या, एका रणगाड्यावर चहाची किटलीसुद्धा बांधली. सामन्याच्या आदल्या दिवशी खोका साडूंच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी झाकण उघडून "वा!" म्हटलं आणि लगेच बंद केलं.

सामन्याच्या दिवशी कवळीने पहिल्या पाळीतच कुंपण ओलांडलं. दुसऱ्या पाळीला त्याची तीस माणसं उघड्या शेतात होती. बेकरीवाल्यांतला थोरला चक्रावला. तो कवळीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथे ठाम भरवसा होता, मागून काहीतरी मोठं येणार हे सांगणारा.

"रस्त्यानेच येतंय काहीतरी," तो भावाला म्हणाला. दोघांनी पाचही रणगाडे रस्त्याकडे वळवले आणि शेतातलं पायदळ झोडायला सुरुवात केली. अकरा माणसं आडवी झाली. कवळीने ती शांतपणे उचलून ठेवली. आता आलेच साडू.

पंचांनी राखीव पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, "सहा क्रॉमवेल. डावीकडच्या कडेने."

कवळीला वाटलं, पंचांनी भलत्याच जोडीचं पाकीट फोडलं. पण साडू वाकले आणि त्यांनी टेबलाखालून एक निराळाच खोका काढला.

सहा क्रॉमवेल डाव्या कडेने सुसाट आले आणि बेकरीवाल्यांच्या रणगाड्यांच्या पातळ पाठी त्यांना आयत्या मिळाल्या. पाचव्या पाळीत खेळ संपला. तोवर कवळीच्या तीस माणसांतली चार उरली होती. खोलीत टाळ्या पडल्या. साडूंनी त्याला मिठी मारली.

"जिंकलो रे! अकरा वर्षांनी!"

कवळीने त्यांना जिन्यात गाठलं. खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"तुम्ही चर्चिल म्हणाला होतात."

"अरे, चर्चिल घेऊन कुणी जिंकतं का? कुणीतरी त्यांना तिकडे गुंतवून ठेवायला हवं होतं."

"मग मला सांगायचं होतं. तुमच्यासाठी मी आपणहून आमिष झालो असतो. हसत झालो असतो."

"तेच तर!" साडू कौतुकाने म्हणाले. "सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. पुढे होताना तू चाचरला असतास, आणि ते सावध झाले असते. खरं सांगू? आज सगळा खेळ तुझ्या तोंडाने जिंकला."

त्यांना खरंच वाटत होतं की आपण त्याची स्तुती करतोय. कवळीच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर ज्या माणसाला तो पोटातलं सगळं सांगत आला, त्या माणसाने त्याचा भाबडेपणा यादीत धरला होता, तोफेसारखा. तो तसाच घरी निघाला.

दार उघडताच बायकोने हातातलं फडकं भिरकावलं. "जिंकलात ना! ताईचा फोन येऊन गेला. मी म्हटलंच होतं, भाऊजींची युक्ती लागू पडणार!"

कवळी बुटाची नाडी सोडता सोडता थांबला.

"कुठली युक्ती?"

"तीच हो, तुम्हाला पुढे करायचं आणि त्यांनी दुसरीकडून यायचं. मला त्यातलं काय कळतंय? पण ताई म्हणाली, तोंडातून चकार शब्द काढू नकोस."

"कधी म्हणाली?"

"झाला की महिना. तुम्ही यादी करून आलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"अगं, म्हणजे मी ते रणगाडे रंगवायला बसलो तेव्हा..."

"तेव्हा ठाऊक होतं तर! तुम्ही ती किटली बांधत होतात, मीच नाही का दिवा धरला?" ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू थोडं कमी झालं. "अहो, तुम्ही इतके खुशीत होतात. म्हटलं, रंगवू दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती काय बोलेल ते तिच्या चेहऱ्यावरून आपल्याला आधीच कळतं, असं तो सव्वीस वर्षं समजत आला होता.