राखीव अर्धी कांडी

मी गाळाची कांडी बोलतेय. हो, गाळच. तोंड वाकडं करू नका. एका तळ्याच्या तळाशी हजारो वर्षं साठत गेलेल्या चिखलाचा माणसाहून उंच आणि मनगटाएवढा जाड असा उभा तुकडा म्हणजे मी. खरं सांगायचं तर अर्धा तुकडा, कारण मला मधोमध उभं चिरलेलं आहे. आणि आज माझी जी दशा झाली आहे, ती पाहता अर्धी म्हणणंसुद्धा माझं कौतुकच आहे.

माझा जन्म एका दिवसात झाला नाही. पावसात ओढे गढूळ होऊन तळ्यात उतरत. त्यांच्याबरोबर आलेली रेती-माती खाली बसे, तो माझा फिकट थर. मग पाणी निवळे आणि पानं, शेवाळ, मेलेले किडे सावकाश खाली येत, तो काळा थर. एक फिकट आणि एक काळा झाला की माझं वय एका वर्षाने वाढे. ज्या वर्षी पाऊस पाठ फिरवी आणि तळं आटे, त्या वर्षी मिठाची एक पांढरी रेघ उमटे. माझ्या पायाकडे या रेघा एकमेकींपासून पुष्कळ लांब होत्या. डोक्याकडे, म्हणजे अलीकडच्या काळात, त्या दाटीवाटीने आल्या होत्या. मला वाचायला अक्षरओळखसुद्धा लागत नव्हती.

मला वर काढलं ते मॅडमनी. तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या त्या संशोधक. संस्थेत सगळे त्यांना मॅडम म्हणत, म्हणून मीही म्हणते. तराफ्यावर उभं राहून त्यांनी एक लांब नळी तळात ठोकली आणि मला अलगद ओढून घेतलं. पारदर्शक नळीतून माझ्या वरच्या रेघा दिसताच त्या म्हणाल्या, "अगं बाई!" वल्हं मारणाऱ्याला वाटलं, तराफाच फुटला.

संस्थेत आणून त्यांनी बारीक तारेने मला चिरलं. एका कांडीच्या दोन बहिणी झाल्या, एक कामाची आणि एक राखीव. कामाच्या बहिणीला चमच्याचमच्याने खरवडलं, भट्टीत जाळलं, आम्लात विरघळवलं. संपली बिचारी, पण नाव काढलं तिने. हे तळं पूर्वी क्वचित आटायचं, आता वरचेवर आटतं आणि पुढे आणखी आटेल, असं तिच्यामुळे सिद्ध झालं. मॅडमनी ते छापलं.

माझं काम होतं काहीच न करणं. "उद्या कुणी म्हणालं की तुमचं खोटं आहे, तर हिला उघडायचं," मॅडम म्हणाल्या होत्या. मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी माझ्यावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली, 'राखीव. हात लावू नये.' मला काय अभिमान वाटला होता त्या चिठ्ठीचा!

मग मी थंड खोलीत, लोखंडी फळीवर येऊन पडले. डोक्यावर पंखा सतत गार हवा सोडायचा. पहिली काही वर्षं मॅडम नेमाने येत, माझ्या डोक्याशी ओला स्पंज ठेवत, प्लास्टिक बदलत. "कोरडी पडू नकोस गं," असं चक्क माझ्याशी बोलत. पुढे त्या निवृत्त झाल्या. खोलीत माणसं यायची, नाही असं नाही. सरबताच्या बाटल्या, वाढदिवसांचे केक, कुणाचं तरी घरी न्यायचं श्रीखंड, सगळं तिथेच ठेवलेलं असे. केक कापायची घाई सगळ्यांना होती. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. बाटल्यांचे खोके माझ्या डोक्याला घासत आत-बाहेर जायचे.

खोलीच्या किल्ल्या भांडारपालांकडे. माणूस सचोटीचा. चिठ्ठीवर लिहिलंय म्हणजे लिहिलंय. कुणी मला हलवायला गेलं की ते दारातूनच ओरडत, "ए, राखीव आहे ते! शिवायचं नाही!" मला बरं वाटे. आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, असं मी समजून चालले होते.

बाहेर काय चाललंय ते मला बाटल्या न्यायला आलेल्यांच्या गप्पांतून कळे. माझ्या तळ्याकाठी मोठी वसाहत उभी राहत होती आणि तिला पाणी त्या तळ्याचंच मिळणार होतं. जास्त पाणी मावावं म्हणून तळ्यातला गाळ यंत्रांनी उपसला. माझं सगळं गोत ट्रकमध्ये भरून नेलं आणि घरांसाठी जमीन सपाट करायला पसरलं. आता त्या तळ्यातून दुसरी कांडी काढू म्हटलं तरी मिळणार नव्हती. उरले होते ती मी एकटी.

मॅडमनी विरोध केला, तेव्हा चिखलफेक सुरू झाली. आम्हा चिखलाला उगाच बदनाम करणारा शब्द आहे तो, पण असो. उभ्या गाडीत पट्टा बांधून बसलेल्या एका माणसाने मोबाईलसमोर सांगितलं, "हे लोक चिखल बघून भविष्य सांगतात! अहो, तळी पूर्वीही आटायची!" लाखो लोकांनी ते पाहिलं. मॅडमनी सविस्तर उत्तर लिहिलं, तक्त्यांसकट. ते शेवटपर्यंत कुणी वाचलं असेल तर मला भेटवा.

आणि एक दिवस खोलीबाहेर मॅडमचा आवाज आला. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. केस पिकले तरी त्या त्याला बारक्याच म्हणत. त्याने त्या वसाहतीत घर पाहून ठेवलं होतं. मुलगा, सून, नात, सगळ्यांना घेऊन तो तिथे कायमचा राहायला जाणार होता. फक्त होकार कळवायचा बाकी होता.

"ताई, मी काही अडाणी नाही गं," तो म्हणत होता. "महिनाभर हेच वाचतोय. एक म्हणतो पाणी आटणार, दुसरा म्हणतो असं होतच आलंय. दोघांच्याही नावापुढे डॉक्टर. जितकं वाचावं तितकं डोकं भणभणतं."

"माझे फोटो पाहिलेस ना तू?"

"फोटोंचं काय घेऊन बसलीस! परवा नातीने मोबाईलवर मला चंद्रावर बसवलं होतं. शेजारी चहाचा कप."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, मग स्वतःच्या डोळ्यांनी बघ. राखीव कांडी आहे माझी. वरच्या रेघा बघ, खालच्या बघ. मी एक शब्द बोलणार नाही."

"दाखव. वरती रेघा दाट दिसल्या तर नाही घेत घर. शब्द आहे माझा."

माझा आनंद काय सांगू! याच दिवसासाठी मला राखलं होतं. शंका घेणारा माणूस आला होता, आणि तोही खरं शोधायला आलेला, भांडायला नव्हे.

भांडारपालांनी मला जपून उचललं आणि टेबलावर ठेवलं. "मॅडम, तुमच्यामागे कुणाला शिवू दिलं नाही. मोठ्या साहेबांनासुद्धा नाही म्हटलं."

मॅडमनी प्लास्टिक उलगडलं आणि त्यांचा हात थांबला.

खोके घासून घासून डोक्याकडचं प्लास्टिक फाटलं होतं. स्पंज कधीच वाळून कडक झाला होता. पंख्याच्या हवेने माझ्यातला ओलावा वर्षानुवर्षं शोषून घेतला होता. मला भेगा पडल्या होत्या, बुरशी चढली होती. मॅडमनी बोट लावलं तशी माझ्या डोक्याकडची सगळी माती भुगा होऊन टेबलावर सांडली. वाळताना आतलं मीठ वर फुलून आलं होतं, त्यामुळे कुठेही रेघ म्हणून उरली नव्हती.

बारक्या वाकून बघत होता. "ताई, हे तर सगळंच पांढरं दिसतंय."

"ते वाळल्यामुळे रे. इथे रेघा होत्या. इथे. एकीला चिकटून एक."

"बरं." तो माझ्या पायाकडे सरकला. तिथे मी अजून जरा ओलसर, धड होते. त्याने नीट पाहिलं. "इथे मात्र दिसतात हं रेघा. लांब लांब आहेत, पण आहेत. आणि हे जुनं, नाही का? म्हणजे पूर्वीही आटत होतंच की."

गाडीतल्या त्या माणसाचं वाक्य माझ्याच अंगावरून वाचलं गेलं होतं. मी खोटी ठरले असते तर एक वेळ चाललं असतं. माझ्यातलं अर्धं खरं तेवढं शिल्लक राहिलं, याचं मला जास्त दुःख झालं.

"पण मी कुणालाच हात लावू दिला नाही हो!" भांडारपाल म्हणाले. "तुम्हीच तर लिहून ठेवलं होतं."

मॅडमनी चिठ्ठीवरचं स्वतःचं अक्षर पाहिलं. "तुमची काही चूक नाही," त्या म्हणाल्या.

मग बारक्या हलकेच म्हणाला, "तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही ताई. पण घरी काय सांगू? सून विचारेल, काय पाहिलंत? तर काय, ताई म्हणते म्हणून नको?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "ताई म्हणते म्हणून."

त्याने मान खाली घातली. खिशातून रुमाल काढून बोटांना लागलेली माझी माती पुसली. "उद्या होकार कळवतो मी," एवढं म्हणून तो निघाला. मॅडम त्याला सोडायला दारापर्यंत गेल्या नाहीत. टेबलावरचा भुगा दोन्ही हातांनी गोळा करत राहिल्या, जणू तो पुन्हा रचता येणार होता.

आता मी जिन्याखाली एका खोक्यात आहे. भांडारपाल रोज सकाळी माझ्यावर ओलं फडकं टाकतात. त्यांना कोण सांगणार की वेळ निघून गेल्यावर पाणी घातलं की थर विरघळतात आणि नुसता चिखल होतो? त्यांचं मन त्यांना खातंय, मला कळतं. मी त्यांच्यावर रागावले नाही. रागवायचं तर कुणाकुणावर?

वाचणाऱ्यांनो, शंका घ्या. बारक्याने घेतली, त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण ज्यावर शंका घेता ते कुठे ठेवलंय ते विचारा, आणि वेळेवर जाऊन बघा. माझ्यासारख्या, वर्षांचा हिशेब ठेवणाऱ्या आणखी कांड्या आहेत, बर्फाच्या, लाकडाच्या, मातीच्या. जपून ठेवल्यात या भरवशावर त्यांच्याकडेही कुणी फिरकत नसेल. एखादीचं प्लास्टिक धड आहे का, एवढं तरी बघून या.

माझं म्हणाल तर, मला आता कुणी वाचू शकत नाही. फडकं पडतं, माती सैल होते, एका वर्षाचा थर दुसऱ्यात मिसळतो. माझी अलीकडची वर्षं मला स्वतःलाही आठवेनाशी झाली आहेत.