न सांगितलेलं वाक्य

१९९५ साली डॉक्टर मनोजनी चांगुणाबाईंच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन केलं, तेव्हा त्यांना नाशिकला हाडांचा दवाखाना टाकून जेमतेम वर्ष झालं होतं. बाई पेठ तालुक्यातल्या. बांधावरून पडल्या, हाड नीट जुळलं नाही आणि पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवेना. धातूची पट्टी आणि स्क्रू टाकून सांधा कायमचा पक्का केला की दुखणं थांबणार होतं. पण मनगट पुन्हा कधी वळणार नव्हतं. हे दुसरं वाक्य मनोजनी गिळून टाकलं. ऐकून बाई तशाच परत जातील, अशी त्यांना धास्ती होती. "हात बरा होईल," एवढंच म्हणाले आणि कागदावर अंगठा घेतला.

अकरा वर्षांनी जुन्या पेशंटांची पाहणी करताना ती फाईल हाती आली आणि त्यांनी बाईंना भेटायला या म्हणून पत्र टाकलं. पत्राला उत्तर येईना, तेव्हा ते स्वतःच गावी गेले.

चांगुणाबाई चुलीपुढे बसून डाव्या हातानं नागलीची भाकरी थापत होत्या.

"दुखतं का आता?"

"नाय डाक्तर, एकदा पण नाय दुखला." मग उजवा हात पदराखाली घेत त्या पुटपुटल्या, "पण माझ्या चुकीनं आखडला. तुमी सांगितलं त्याच्या आठ दिस आधीच मी प्लास्टर फोडलं. आवणी चालू व्हती ना, भाताची रोपं लावायची व्हती."

"डाक्तरनी चांगला करून दिल्हा, हिनं वाटोळं केलं," दारात बसलेला नवरा, सहादू म्हणाला. "अजून सांगतो मी तिला."

मान डोलावून उठता आलं असतं. मनोज उठले नाहीत.

"सहादूभाऊ, त्यांची काही चूक नाही. मनगट वळणार नाही, हे मला आधीच माहीत होतं. मी सांगितलं नाही."

सहादू खाली मान घालून बाहेर निघून गेला. तव्यावरची भाकरी करपली.

"सांगितलं असतं तरी मी केलंच असतं," ती उतरवत चांगुणाबाई म्हणाल्या. "लय दुखायचं. पण मग एवढी वर्सं बोलणी तरी खाल्ली नसती."

मनोजनी हात जोडले. चांगुणाबाईंनी पाहिलं नाही.

त्यानंतर अशा ऑपरेशनआधी, न वळणाऱ्या हातानं जगून पाहावं आणि मग ठरवावं म्हणून, ते पेशंटचं मनगट आठ दिवस फळीला बांधून घरी पाठवू लागले. काही जण परत आलेच नाहीत. मनोजनी त्यांना बोलावणं धाडलं नाही.