लेख क्रमांक एकतीसची लेखिका

मित्रांनो, सस्कटूनच्या विद्यापीठातील एका कचेरीच्या खणात, वाकलेल्या टाचण्या आणि सुकलेला डिंक यांच्या शेजारी मी पडून असतो. मी एक म्हातारा काळा मार्कर आहे. माझा देह ॲल्युमिनियमचा, टोक जाड, आणि पोटात शाई पुन्हापुन्हा भरता येते. माझी सख्खी भावंडे खोक्यांवर पत्ते लिहिण्याच्या कामी लागली. मी मात्र परिचर्याशास्त्राच्या एका नियतकालिकात नोकरीस लागलो, याचा मला बरीच वर्षे गर्व होता.

तेथील व्यवस्थापक बर्नाडेट कोवालचुक यांनी पहिल्याच दिवशी मला कागदावर घासून पाहिले. "छान! तू भल्याभल्यांची नावं बुडवशील," त्या म्हणाल्या. मला ते कौतुक वाटले, आणि ते कौतुकच होते.

माझे काम असे. कोणी परिचारिका किंवा प्राध्यापिका लेख पाठवी. बर्नाडेटबाई वहीत त्याचा क्रमांक नोंदवीत आणि मला हाती घेऊन लेखिकेचे नाव, तिचे रुग्णालय, तिने आभार मानलेली माणसे, इतकेच काय, तिने स्वतःच्या जुन्या लेखांचे दिलेले दाखलेदेखील काळे करीत. काळी केलेली पाने खिडकीशी धरली तर नाव दिसते, म्हणून त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून त्या तीन परीक्षकांकडे जात. लेख कोणाचा हे परीक्षकाला कळू नये आणि परीक्षक कोण हे लेखिकेला कळू नये. मोठ्या डॉक्टरीणबाई असोत की खेड्यातली नर्स, माझ्या पट्ट्याखाली सगळ्या सारख्याच काळ्या.

संपादक डॉ. लोर्ना फ्रीसेन तर याहून कडक. निर्णयाच्या पत्रावर सही होईपर्यंत आपणही नाव ऐकायचे नाही, असा त्यांचा नेम होता. कोणी बोलता बोलता नाव घेऊ लागले की त्या चक्क कानांत बोटे घालीत.

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत लेख क्रमांक एकतीस आला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या टाचांना जखमा होतात, त्यांच्याविषयी तो होता. टाचेखाली हवेचे रबरी कडे ठेवू नये, त्याने जखम वाढते. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी, असे त्यात तीनशे रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले होते. मी त्यातले एक नाव तेरा वेळा काळे केले. फार समाधान वाटले.

मार्चमध्ये परीक्षणे आली. पहिल्या परीक्षकाने लिहिले, "चांगला आहे. छापा." तिसऱ्याने आठ पाने लिहिली, त्यांतील सहा स्वल्पविरामांविषयी होती. दुसऱ्या परीक्षक मात्र संतापल्या होत्या. "रबरी कडे उपयोगी असते, हे इव्हेट लालिबेर्ते यांनी सत्त्याऐंशी साली याच नियतकालिकात दाखवले आहे. या लेखिकेने त्यांचे नावही घेतलेले नाही. उलट जखम मोजण्याची त्यांची पद्धत शब्दशः उचलली आहे. ही उघड चोरी आहे. अशा व्यक्तीला रुग्णाच्या टाचेजवळ फिरकू देऊ नये."

लोर्नाबाई न्यायी होत्या. त्यांनी कपाटातून सत्त्याऐंशीचा अंक काढला आणि ओळ ओळ ताडून पाहिली. शब्द न् शब्द तोच! त्यांनी सुस्कारा सोडून नकाराच्या पत्रावर सही केली. बर्नाडेटबाईंनी ते परीक्षणांसह पाकिटात घातले. परीक्षणे त्या कधीच वाचत नसत. "दुसऱ्यांना पडलेल्या शिव्या वाचून माझं जेवण का बिघडवू?" असे त्या म्हणत.

आठवड्याभराने, त्या डब्यातले पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, खात असताना, एक साठीच्या बाई बर्फाचे बूट वाजवीत आत आल्या. त्यांनी ते पत्र टेबलावर ठेवले.

"मी चार तास गाडी चालवून आलेय. मला फक्त एवढंच विचारायचंय, ही लालिबेर्ते कोण? जरा ओळख करून देता?"

"अहो, ते नाव..." बर्नाडेटबाईंचा काटा हवेतच राहिला. "तुमचं नाव काय म्हणालात?"

"म्हटलंच नाही अजून. इव्हेट लालिबेर्ते. माझंच घर फोडलं म्हणून मलाच पकडलंय तुम्ही."

आतून लोर्नाबाई धावत आल्या, दोन्ही कानांत बोटे. "नाव नको! नाव नको सांगू!"

"डॉक्टर, बोटं काढा," बर्नाडेटबाई म्हणाल्या. "सही झालीय तुमची. आता ऐकावंच लागेल."

ऐकल्यावर लोर्नाबाईंनी टेबलावरचे पत्र उचलून आपलीच सही पुन्हा पाहिली. मी टेबलावरच होतो. मित्रांनो, तेव्हा मला टोपणात तोंड लपवावेसे वाटले. त्यांचे नाव आणि दाखले झाकणारे तेरा पट्टे माझेच होते.

"पण तुम्ही स्वतःच्याच अभ्यासाच्या विरुद्ध का लिहिलंत?" लोर्नाबाईंनी विचारले.

इव्हेटबाईंनी हातमोजे काढले. "कारण तो चुकला होता. तेव्हा मी चाळीस रुग्ण पाहिले आणि आनंदाने लिहून मोकळी झाले. आमच्या हॉस्पिटलच्या नियमांच्या पुस्तकात ते कडं माझ्याच नावानं गेलं. सात वर्षं पोरी माझं नाव घेऊन ती कडी टाचेखाली सारतायत, आणि मी पट्टी सोडते तेव्हा आत काय दिसतं ते मला ठाऊक. जूनमध्ये पुस्तक बदलणार. मेट्रन म्हणते, छापलेलं खोडायचं तर छापलेलंच आण. जून हुकला की पुढची पाच वर्षं तीच कडी."

लोर्नाबाईंनी नकार तिथल्या तिथे मागे घेतला. पण दुसऱ्या परीक्षकांना सांगायचे काय? लेखिका कोण हे उघड करणे नियमात नव्हते. शेवटी त्यांनी कळवले, "लेखिकेशी बोलणे झाले. लालिबेर्ते यांच्या कामाशी त्यांचा अगदी जवळचा परिचय आहे असे दिसते. सुधारित लेख पाठवीत आहोत." बर्नाडेटबाई हे टंकताना इतक्या हसल्या की त्यांना दोनदा कागद बदलावा लागला.

"आता एक करा," त्यांनी इव्हेटबाईंना समजावले. "'माझा' असं कुठंच लिहू नका. लालिबेर्ते कोणी परकी बाई आहे असं समजून लिहा."

"परकीला झोडायला सोपं जातं," इव्हेटबाई म्हणाल्या. आणि त्यांनी झोडले.

नवा लेख आला तेव्हा बर्नाडेटबाईंनी माझे टोपण काढले, पहिल्या पानावरचे नाव काळे केले, पुढची पाने वाचली आणि टोपण परत लावले. आत झाकण्यासारखे काही नव्हते. तो लेख जवळजवळ माझ्यावाचूनच तरला, हे मला कबूल केले पाहिजे.

मेच्या सुरुवातीला दुसऱ्या परीक्षकांचे उत्तर आले. ते बर्नाडेटबाईंनी प्रथमच नियम मोडून वाचले आणि तडक फोन लावला.

"इव्हेट, लेख घेतलाय गं. जूनच्या अंकात येतोय. फक्त एक अट घातलीय. ऐक, वाचते. 'पुरावा पटला. माझ्याही वॉर्डातील कडी मी काढायला सांगितली आहेत. मात्र लालिबेर्ते यांच्याविषयी लेखिकेचा सूर फार निष्ठुर आहे. त्यांच्या चुकीला अक्षम्य म्हणू नये. हाती होते तेवढ्यावरून त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, आणि त्यांनी मोजायला शिकवले म्हणूनच आज त्यांची चूक सापडली.'"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"इव्हेट? आहेस ना?"

"आहे. हे तिला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तू कोण आहेस हे तिला माहीतच नाही."

मग नाक ओढल्याचा आवाज. "बरं. काढ तो शब्द."

बर्नाडेटबाईंनी कानाशी फोन धरूनच मला उचलले. छापखान्यात जाणारी प्रत समोर होती. त्यांनी माझे टोक 'अक्षम्य'वर ठेवले आणि सावकाश, एकदाच ओढले.

मित्रांनो, आता हे सारे संगणक करतो आणि माझे टोक दगडासारखे झाले आहे. मार्कर वापरत असाल तर आडवे ठेवा, आम्ही जास्त टिकतो. आणि दुसऱ्याच्या कामातील चूक जरूर दाखवा, स्पष्ट शब्दांत दाखवा. फक्त स्वतःची चूक दाखवतानाही, कोणा अनोळखी माणसाला जेवढी माया द्याल, तेवढी स्वतःला देत जा.