उभ्यानं गायची कथा

दिम्फनाच्या पोटात, बेंबीच्या उजवीकडे, बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्या जागी निखारा होता. खोकलं की भडके, उठलं की भडके.

गुड फ्रायडेला ब्राबंट प्रांतातल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्ये येशूची दुःखकथा गाऊन सांगायची सेवा तिला वडिलांकडून आलेली. कथा उभ्यानं गायची. येशूनं प्राण सोडला की सगळ्यांनी गुडघे टेकून गप्प राहायचं, मग उठून पुढं गायचं. गेल्या वर्षी ती टेकली, ती उठलीच नाही. उरलेली कथा गायकांचा प्रमुख टून यानं कशीबशी पार पाडली.

"दुखणं डोक्यात आहे तुझ्या," टून म्हणाला होता.

"मग पोटाला हात लावला की का ओरडते मी?"

आयंडोव्हन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दुखरी जागा दाबून तिला मान उचलायला लावली. कळ मस्तकात गेली.

"पोटाच्या स्नायूत नस अडकलीय," बाई म्हणाल्या. "सुईनं नशीजवळ विजेचे हलके ठोके देता येतात, त्याच दिवशी घरी जाल. पण गुण टिकेलच असं नाही. नाहीतर चीर देऊन नस कापायची. त्यानं आराम पडायची आशा जास्त, पण कापलेलं परत जोडता येत नाही. आणि तेवढी जागा बधिर राहील."

नवरा स्येफ म्हणाला, "सुईच घे बाई."

तिनं घेतली. पानगळीत देवाची गाणी मोकळ्या गळ्यानं म्हटली, आणि नाताळात निखारा पुन्हा फुलला.

"परत सुई घे," स्येफ म्हणाला. "नाहीतर बसून गा. टूननं खुर्चीसुद्धा काढून ठेवलीय."

"क्रुसाखाली मारियामाता खुर्ची टाकून बसली होती का?"

"आणि कापूनही नाही गेलं तर?"

"तर उभ्यानं दुखेल. डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

गुड फ्रायडेच्या दुपारी टूननं खुर्ची तिच्याजवळ सरकवली. तिनं खुर्चीवर आपला कोट टाकला आणि कथा सुरू केली.

येशूनं मान टाकली. चर्चभर गुडघे टेकले. त्या शांततेत तिनं अंगठ्यानं नस कापल्याचा व्रण चाचपला. व्रणाच्या कडेला बारीक ओढ होती, पण निखाऱ्याची जागा मुकी होती, दुसऱ्या कुणाच्या अंगासारखी. उठायची वेळ आली तसा टूननं हात पुढं केला.

"तो हात वहीला लाव, पान उलट," ती पुटपुटली आणि उठली.

पुढचा सूर तिनं नेहमीपेक्षा वरचा धरला. टूनच्या मंडळींची तिच्यामागं धावता धावता दमछाक झाली.