पाहणीच्या दिवशी चादरी नकोत

मोठ्या बंगल्यावर लोकांचं प्रेम जडलं ते एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास. त्याआधी चाळीस वर्षं बंगला तिथेच रिकामा उभा होता. बावीस कमानींचा व्हरांडा, सुकलेलं तळं, मोडका तबेला, मागे पसरलेलं मोकळं मैदान. पण या चाळीस वर्षांत लोकांनी त्याच्या कुंपणाशी नेऊन काय टाकलं, तर फाटक्या गाद्या आणि तडे गेलेली बेसिनं. त्या मंगळवारी बिल्डरने फाटकाला पाटी ठोकली, की इथे चौदा मजले होणार. ती पाटी वाचता वाचता एकेकाला आठवलं, की आपलं बालपण याच बागेत गेलं. ज्यांचं बालपण दुसऱ्या गावी गेलं होतं, त्यांनाही आठवलं.

लगेच समिती झाली. अध्यक्ष झाले हेडसर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या आवाजातली शाळा काही सुटली नव्हती. चिटणीस झाल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांचं कामच असं की समोरच्याला उलट बोलता येत नाही, म्हणून त्या चिटणीस म्हणून फार शोभल्या. नकाशे काढायला हेडसरांचे जावई, कारण ते फुकट होते.

आता बैठका घ्यायच्या कुठे? बंगल्याचं छप्पर गळत होतं आणि हेडसरांच्या घरी सूनबाईंची परवानगी नव्हती. राहिलं बंगल्यामागचं धुलाईघर. तिथे छप्पर होतं, बसायला बाकं होती, आणि भट्टी पेटलेली असल्यामुळे चहाला पाणी आयतं उकळत असायचं.

धुलाईघर दोन जावांचं. थोरली बोलायला कमी, धाकटीने ती कसर भरून काढलेली. थोरलीच्या सासूबाई बंगल्याचे कपडे धुवायच्या. शेवटच्या मालकीणबाई घर सोडून गेल्या तेव्हा गाडीत एक पाय टाकून सासूबाईंना म्हणाल्या, "तू कर तुझं काम." एवढाच काय तो या जागेचा दस्तऐवज. त्यानंतर तिथल्या तीन दगडी हौदांत दवाखान्याच्या आणि दोन लॉजच्या चादरी धुतल्या जात. भट्टीत उकळून, नीळ देऊन, मागच्या मैदानातल्या दोऱ्यांवर वाळत. बंगला गेला की धुलाईघर जाणार, आणि ते गेलं की रोजच्या साठ चादरी दोघी काय खोलीच्या खिडकीत वाळवणार होत्या?

म्हणून थोरलीने मोहीम अंगावर घेतली. समितीची माणसं सह्यांसाठी घरोघरी पुढच्या दाराची घंटा वाजवायची आणि "नंतर या" ऐकून परत यायची. थोरली मागच्या दाराने त्याच घरांच्या इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन जायची आणि गठ्ठ्यावरच कागद ठेवायची. घडी मोडायच्या आत सही. तिने तीनशे बारा सह्या आणल्या. समितीने सगळ्यांनी मिळून एकोणनव्वद. बैठकीत हेडसर म्हणाले, "आपण चारशेचा टप्पा ओलांडला," आणि 'आपण'वर असा जोर दिला, की थोरलीने मान डोलवून त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढच्या बैठकीत जावईबापूंनी इस्त्रीच्या टेबलावर नकाशा पसरला. बंगला वाचल्यावर तो कसा दिसणार, याचा. थोरलीने हात पुसून डोकावून पाहिलं.

"हे आपलं धुलाईघर ना?"

"हो मावशी. इथे कॉफी हाउस. हौद तसेच ठेवायचे, वरून जाड काच. लोक काचेवर कप ठेवणार आणि खाली इतिहास बघणार."

"आणि हे हिरवं?"

"फुलपाखरांची बाग."

"इथे माझ्या दोऱ्या आहेत."

जावईबापूंनी नकाशाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, जणू दोऱ्या आत्ताच कुणीतरी बांधून गेलं होतं. "त्या नंतरच्या आहेत, मावशी. आपल्याला मूळ रूप हवंय."

माणसं गेल्यावर धाकटीने कप हौदात आदळले. "ऐकलंस ना, ताई? बिल्डर आपल्याला हाकलून देणार आणि ही माणसं आपला सत्कार करून हाकलणार. फरक एवढाच, की इथे चहाही आपलाच."

"हळू. कप फुटेल."

"फुटू दे! मूळ रूपात कप नव्हते!"

थोरलीला हसू आलं, पण तिने वाकून कप विसळायला घेतले. तीनशे बारा सह्या तिने स्वतःच्या पायांनी गोळा केल्या होत्या. आणि त्या कशावर घेतल्या होत्या, हे तिला आज कळत होतं.

मग समितीच्या अर्जावर पत्र आलं, की बंगल्याला संरक्षण द्यायचं का ते ठरवायला गुरुवारी सरकारी अधिकारी पाहणीला येणार. बुधवारी संध्याकाळी हेडसर स्वतः धुलाईघरात आले आणि उभ्यानेच बोलले, म्हणजे काम अवघड होतं.

"मावशी, एका दिवसाचाच प्रश्न आहे. उद्या दोऱ्या, चादरी, बादल्या काही दिसायला नको. भट्टीचा धूरही नको. जागा कशी निर्मळ दिसली पाहिजे."

"गुरुवारी दवाखान्याचा गठ्ठा असतो, सर. थांबत नाही तो."

"इतिहासासाठी, मावशी!"

"जुन्या लोकांना चादरी लागत नव्हत्या का, सर?"

हेडसर मोठ्याने हसले. समोरच्याचं ऐकून न घेता बोलणं संपवायचं असलं, की ते असेच हसायचे.

गुरुवारी थोरलीने पहाटेच भट्टी पेटवली, साडेसातपर्यंत चादरी धुऊन पिळल्या आणि दोऱ्या सोडल्या. ओला ढीग दोघींनी तबेल्यात नेऊन टाकला. धाकटीच्या तोंडाचा पट्टा सगळा वेळ चालू होता. हेडसरांनी धुलाईघराला नवं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली.

अधिकारी बाई अकराला आल्या. चपला धुळीने पांढऱ्या, काखेत फाइल, चेहऱ्यावर आज आणखी दोन ठिकाणं उरली आहेत असा भाव. समिती कमानींखाली ओळीने उभी होती. हेडसरांनी घसा साफ केला.

"बाई, या वास्तूचं वैशिष्ट्य काय, तर पावित्र्य! चाळीस वर्षांत इथे कुणी राहिलं नाही, कुणी काम केलं नाही, कुणी कशाला हात लावला नाही!"

"म्हणजे वापरात नाही," बाई लिहीत म्हणाल्या.

"मुळीच नाही!" हेडसर अभिमानाने म्हणाले.

"बरं. पडीक."

"पडीक नव्हे हो, अस्पर्शित!"

"सर, आमच्या फॉर्मवर दोनच रकाने आहेत. वापरात आणि पडीक. पडीक असेल तर पाडायला हरकत नाही. बिल्डरने अर्जात हेच लिहिलंय. तुम्हीही तेच म्हणताय, म्हणजे माझं काम सोपं झालं."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीला कोपराने ढोसलं. "मावशी! सांगा ना त्यांना, तुम्ही इथे काम करता म्हणून!"

"मी?" थोरली म्हणाली. "मी आज इथे नाहीये, बाई. कालच ठरलं ना तसं."

धाकटीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

थोरली गप्प राहिली असती, तर तिथेच सगळं संपलं असतं, समितीचंही आणि तिचंही. समितीला धडा शिकवायची इच्छा तिला जरूर झाली. पण तबेल्यात दवाखान्याच्या चादरी होत्या, आणि आणखी तासभर तशाच राहिल्या असत्या तर त्यांना वास धरला असता. तो विचार तिला सहन होईना.

"चला माझ्याबरोबर," ती अधिकारी बाईंना म्हणाली.

तबेल्यात बाईंनी ढिगाला हात लावून पाहिला. "ओल्या आहेत या."

"आज सकाळी धुतल्या."

"कुठे?"

हेडसरांना खिशात किल्ली सापडेना. मग सापडली तर कुलपात जाईना. अखेर दार उघडलं. भट्टी अजून गरम होती. हौदांच्या कडा हातांनी घासून घासून मधोमध खोल झाल्या होत्या. बाई वाकून त्या कडांवरून बोटं फिरवत राहिल्या.

"कधीपासून चालू आहे हे?"

"सासूबाई इथेच धुवायच्या. त्यांच्या सासूबाईही. बंगल्यातली माणसं गेली, कपडे काही थांबले नाहीत."

"चाळीस वर्षांत कधी बंद?"

"सासूबाई गेल्या तेव्हा. एक दिवस."

बाईंनी पेन काढलं. थोरलीने विचारलं, "तुम्ही हे लिहिलंत, तर इथे कॉफी हाउस होईल का?"

"नाही. काम चालू आहे म्हणून संरक्षण. काम बदललं की संरक्षण गेलं."

थोरली वळली. समिती दारात दाटीवाटीने उभी होती, सगळ्यात पुढे हेडसर. तिने अगदी अदबीने विचारलं, "सर, लिहू दे का त्यांना?"

हेडसरांनी जावयाकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, लांब दिसणाऱ्या बावीस कमानींकडे पाहिलं. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. जावईबापूंनी नकाशाची गुंडाळी पाठीमागे नेली.

"मोठ्याने म्हणा, सर," धाकटी म्हणाली. "बाईंना ऐकू आलं नाही."

"लिहा," हेडसर म्हणाले.

दोन महिन्यांनी आदेश आला. बिल्डरची पाटी निघाली. आदेशात संरक्षण दिलं होतं 'धुलाईघर, वाळवणाचं मैदान व लगतच्या इतर इमारती' यांना. हेडसरांनी 'इतर' हा शब्द तीनदा वाचला. बावीस कमानींचा बंगला आता चादरींच्या शेजारी राहत होता. अट एकच, धुण्याचं काम अखंड चालू राहिलं पाहिजे.

तेव्हापासून समिती थोरलीच्या तब्येतीला फार जपू लागली. ती शिंकली तर डॉक्टरीणबाई औषध घेऊन यायच्या. गुडघ्यांची चौकशी तर रोजचीच. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या गुडघ्यांबद्दल विचारत होतं, आणि तेही ठराव करून.

एका सोमवारी धाकटी माहेरी गेलेली. हेडसर चौकशीला आले.

"मावशी, उद्या तुम्हालाच काही झालं तर कसं व्हायचं?"

थोरलीने हौदातून भिजलेली चादर उचलली आणि तिचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा."

हेडसरांनी धरलं. ती पिळू लागली, तेही पिळू लागले. पाणी निघेना, चादर नुसतीच गोल गोल फिरत राहिली.

"उलट्या दिशेने, सर. माझ्या उलट."

हेडसरांनी उलटा पीळ दिला. पाण्याची धार थेट त्यांच्या बुटांत गेली.

"आता जमतंय," थोरली म्हणाली. "अजून एकोणसाठ आहेत."